रात्रभर लॅपटॉप, दिवसभर झोप

"मॅडम, शिफ्ट संपते पण डोकं बंद होत नाही." मी समुपदेशक, २०२० च्या लॉकडाऊनपासून हे इतक्यांदा ऐकलंय, अन् आता खेड्यातल्या पोरांकडूनही, म्हणून एकाची गोष्ट सांगते (ओळख बदललेली आहे).

दारव्हा तालुक्यातला पोरगा, आयटी कंपनीत सायबर सिक्युरिटी इंजिनिअर, काम गावातल्या घरूनच. क्लायंट न्यूयॉर्ककडचे. तिथं सकाळचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडं संध्याकाळचे साडेसात, तेव्हापासून पहाटेपर्यंत अलर्ट बघत बसायचं, कोणी भलत्याच देशातून लॉगिन केलं, कोणाच्या मशीनवर विचित्र फाईल चालली. बहुतेक फुसके निघतात, पण एखादा खरा असला तर? शिफ्ट संपली की पुढच्याला हँडओव्हर लिहून देतो अन् झोपायचं सोडून परत लॅपटॉप उघडतो. लाईन गेली, इन्व्हर्टर उतरला की मोबाईलवर. अन् दिवसा वडलांचं पालुपद, "दिसभर लोळते, याले काय नोकरी म्हनाव?"

आधी एकटाच यायचा. झोपेचं टाईमटेबल, श्वासाचे व्यायाम सगळं करून झालं, फरक थोडाच. माझं पहिल्यापासून मत आहे की त्रास एकाला दिसत असला तरी बोलावं अख्ख्या घराशी, कोणाला जुनाट वाटो. वडलांना बोलावलं.

काका अवघडून बसले. विचारलं, "हरभऱ्याच्या जागलीवर जाता का?"

"जा लागते ना. डुकरं, रोही एका रातीत वावर साफ करते."

"एकटेच?"

"एकटा कसा? पाळी असते. अर्धी रात मी, अर्धी रात शेजारचा."

"अन् तुमची पाळी झाली की?"

"झोपतो. तो हाय ना जागा."

"त्याचा डोळा लागला तर?"

"कुत्रं हाय, कुंपण हाय. तरी गेलं थोडं तर गेलं. दोघंही रातभर जागलो तर दिसा काम कोन करन?"

मी गप्प बसले, हे गप्प बसणं शिकायला मला बरीच वर्षं लागली. पोरगाच बोलला, "बाबा, माही पन जागलच हाय."

काका त्याच्याकडं बघत राहिले. "मंग तुही पाळी झाल्यावर काहून जागतं बे?"

"झोपलो की तुमचंच खरं होते ना. लोळते म्हून."

तिथं गाठ सापडली. आम्ही दोघं इतके दिवस हॅकरच्या भीतीवर बोलत होतो, अन् पोरगा जागत होता घरात नोकरी सिद्ध करायला. नुसत्या झोपेच्या टिप्सनी हे कसं सुटणार होतं?

तर असं काम करणाऱ्यांनो, शिफ्टचा कागद घरात भिंतीवर लावा, सगळ्यांना दिसेल असा. मार्च अन् नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतली घड्याळं एक तास सरकतात, तेव्हा नवी वेळ घरात आधीच सांगा. उघडे राहिलेले अलर्ट हँडओव्हरमध्ये स्पष्ट लिहा, मग लॉगआऊट, मोबाईलवरचे नोटिफिकेशन बंद, फक्त टीम लीडचा फोन वाजू द्या. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जगभर वापरात असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मोठं भगदाड निघालं तेव्हासारखे दिवस वेगळे, तेव्हा पाळ्या जास्तीच्या लागतात, त्याही वाटून घ्या. झोपायच्या खोलीला जाड पडदा, मध्यरात्रीनंतर चहा नको. आणि आईवडलांनो, दुपारी बाराला पोरगं झोपलं असेल तर पाहुण्यांसमोर त्याचा हिशोब मांडू नका.

या पोराचं अजूनही कधीमधी पहाटे लॅपटॉप उघडणं होतं, पण आता बापच हटकतो. हे सगळं करूनही झोप येत नसेल, किंवा जीव नकोसा वाटत असेल तर वाट बघू नका, डॉक्टरला दाखवा. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही लागतो.