थराचं वय आणि ताणाचं वय

प्रश्न : अमेरिकेतल्या नेवाडामध्ये येरिंग्टनजवळ भूकवच ताणलं जाऊन त्याची रुंदी दुपटीहून जास्त झाली, असं वाचलं. लाव्हाचं वय काढतात हे समजतं, पण ताण कधी पडला हे कशावरून सांगतात?

उत्तर : ताणाचं वय थेट मोजता येत नाही, ते दोन थरांच्या मध्ये कोंडावं लागतं. ताण पडला की सामान्य विभंगांवरून (ताणामुळे पडलेल्या, एक बाजू खाली घसरते अशा तिरप्या भेगांवरून) कवचाचे ठोकळे घसरतात आणि घसरता घसरता कलंडतात. त्यांच्या पाठीवरचे थरही सोबत कलतात. येरिंग्टनला सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीचा टफ, म्हणजे तप्त राख साचून झालेला खडक, आज पश्चिमेकडे 60 अंशांच्या आसपास कललेला आहे. त्याच्यावरचा अँडेसाइट (हाही ज्वालामुखीचाच खडक) जवळपास तितकाच कललेला. म्हणजे अँडेसाइट साचेपर्यंत कलणं सुरूच झालं नव्हतं. त्याहून नवे बेसाल्टचे थर मात्र थोडेच कललेले आहेत. मोठा ताण या दोघांच्या मधला.

इथे एक फसगत होते. राख मुळातच उतारावर साचली असेल, तर थोडा कल तिचा जन्मजात असतो. म्हणून एका उघड्या कड्यावर विसंबू नये, निरनिराळ्या ठिकाणी नती, म्हणजे थराच्या कलाचा कोन, मोजावी.

आता वय. टफमधून सॅनिडीन हे पोटॅशियमयुक्त फेल्डस्पार खनिज काढतात. खडक फोडतानाच त्यात अडकलेले परके दगडाचे तुकडे वेगळे करायचे. शक्य असेल तर नुसते प्युमिसचे (उद्रेकातल्या सच्छिद्र, हलक्या दगडाचे) गोळे घ्यायचे. मग दळून चाळणं (साधारण पाव ते अर्धा मिलिमीटरचे दाणे), चुंबकीय विभाजक, जड द्रव, विरल हायड्रोफ्लोरिक आम्लात काही मिनिटं धुणं आणि शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक दाणा वेचणं. आम्लाने दाण्याला चिकटलेली काच जाते. हे आम्ल हाडापर्यंत जाळतं, तेव्हा हा प्रकार घरी नको.

खनिजातल्या पोटॅशियमचा किरणोत्सारी प्रकार, पोटॅशियम-40, हळूहळू आर्गॉन-40 वायूत बदलत राहतो, हेच इथलं घड्याळ. निवडलेले दाणे अणुभट्टीत ठेवतात. वेगवान न्यूट्रॉनांनी पोटॅशियम-39 चं आर्गॉन-39 होतं. त्यामुळे किती पोटॅशियम होतं आणि त्यातून किती आर्गॉन-40 साठला, हे दोन्ही एकाच वायूतून कळतं. मात्र न्यूट्रॉनांचा मारा किती झाला हे कळायला शेजारी माहीत वयाचे दाणे ठेवावेच लागतात. कोलोरॅडोच्या सॅन हुआन डोंगरांतल्या फिश कॅनियन टफचं सॅनिडीन (वय सुमारे 2 कोटी 82 लाख वर्षं) यासाठी जगभर वापरतात. नंतर लेसरने दाणे एकेक करून वितळवायचे. मूठभर एकत्र वितळवले, तर जुन्या खडकातून घुसलेला एखादा दाणा सरासरीत लपून बसतो आणि वय फुगवतो.

वरखालच्या थरांत एक कोटी वर्षांचं अंतर असेल, तर उत्तर ढोबळच राहणार. तिथे ॲपटाइट या खनिजातले विखंडन-माग, म्हणजे युरेनियमचे अणू फुटताना स्फटिकात उमटलेले बारीक ओरखडे, उपयोगी पडतात. 120 अंश सेल्सिअसच्या वर हे माग पुसले जातात, 60 च्या खाली टिकतात. ठोकळा विभंगावरून वर आला की थंड होतो आणि घड्याळ सुरू होतं. आडवा कलंडलेला ठोकळा म्हणजे तर आडवी पडलेली विहीर! एका कडेने चालत गेलं की पूर्वीची खोली वाढत जाते. ठरावीक अंतरावर नमुने घेत खोलीनुसार वय मांडलं, की आलेख जिथे मोडतो तिथे झपाट्याने वर येणं सुरू झालं.

प्रश्न : मग आमच्या घाटातल्या बेसाल्टचं वय असंच निघेल का?

उत्तर : निघतं, पण कटकट जास्त. आपल्या बेसाल्टात सॅनिडीन मिळत नाही. प्लॅजिओक्लेज हे दुसरं फेल्डस्पार असतं, त्यात पोटॅशियम फार थोडं. शिवाय पोकळ्यांत झिओलाइट ही नंतर तयार झालेली खनिजं दिसतात, म्हणजे खडकातून गरम पाणी फिरलेलं आहे, आणि बदललेल्या दाण्यांतून आर्गॉन निसटतो. दख्खनची अलीकडची काटेकोर वयं, 6 कोटी 60 लाख वर्षांच्या आगेमागे, काही अंशी लाव्हाच्या दोन थरांमधल्या गेरूसारख्या लाल पट्ट्यांतून आली. त्या पट्ट्यांत काही ठिकाणी बाहेरून येऊन पडलेली राख असते, आणि राखेत झिर्कॉन या खनिजाचे दाणे. झिर्कॉनमध्ये युरेनियमचं शिसं होतं, ते मोजतात. यातही सगळ्यात तरुण दाणेच कामाचे, कारण झिर्कॉन उद्रेकाआधी बराच काळ मॅग्मात तयार होऊन पडलेला असू शकतो. घाटात गाडी थांबवाल तेव्हा लाल पट्टा बघाच, हातोडा मात्र परवानगीशिवाय नको.