कुत्र्याच्या पिल्लाने उंदीर मारायची वडी खाल्ल्याचा संशय आहे, पण ते मजेत खेळतंय. सकाळपर्यंत थांबू का?

नाही, थांबू नका. आणि मिठाचं पाणी अजिबात पाजू नका.

तुम्ही लिहिलंय की पिल्लू अडीच महिन्यांचं आहे, कोठीमागे ठेवलेली उंदराची वडी कुरतडलेली सापडली, पोटात किती गेली ते कळत नाही, पिल्लू मात्र शेपूट हलवत खेळतंय, आणि शेजारच्या काकू मीठ पाजून उलटी काढायला सांगतायत. आत्ता एवढंच करा. पिल्लाला उचलून दुसऱ्या खोलीत न्या, म्हणजे उरलेले तुकडे ते खाणार नाही. ओठांच्या आत, दाढांपाशी कण चिकटलेले दिसले तर ओल्या फडक्याने पुसून काढा. मग वडीचं वेष्टन शोधा, कचऱ्याचा डबा उपडा करावा लागला तरी चालेल. मागच्या बाजूला बारीक अक्षरात औषधाचं रासायनिक नाव आणि टक्केवारी असते, तिचा स्पष्ट फोटो काढा. पाकिटात किती वड्या होत्या आणि किती उरल्या ते मोजा. पिल्लाला घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. डॉक्टरांना फोनवर चार गोष्टी सांगा: वय, वजन, वेष्टनावरचं नाव, आणि वडी शेवटची शाबूत कधी पाहिली ती वेळ. घरात दुसरं पिल्लू असेल तर त्यालाही घ्या. कोणी किती खाल्लं हे कळत नसेल तर प्रत्येकाने सगळंच खाल्लं असं धरून चालायचं.

आणि निघा. बाकीचं गाडीत बसल्यावर वाचा.

पिल्लू मजेत आहे यावर विश्वास ठेवू नका, असं मी इतक्या ठामपणे का म्हणते ते सांगते. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या मेणचट, रंगीत वड्यांमध्ये बरेचदा ब्रोमॅडिओलोन असतं, ०.००५ टक्के. आकडा नगण्य वाटतो, पण हे औषध यकृतात कित्येक आठवडे मुक्काम ठोकतं. रक्त गोठण्यासाठी लागणारे काही घटक यकृत व्हिटॅमिन के वापरून बनवतं. हे औषध त्या व्हिटॅमिनचा पुनर्वापर बंद पाडतं. पण रक्तात आधीच तयार असलेले घटक दोन-तीन दिवस पुरतात, आणि तेवढे दिवस पिल्लू उड्या मारतं, जेवतं, चपला पळवतं. साठा संपला की रक्तस्राव सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. तोही बहुतेकदा आत, छातीत नाही तर पोटात, जिथे तुम्हाला दिसत नाही.

आमच्या बाळ्याचं असंच झालं. चार महिन्यांचा होता. दिवाळीच्या साफसफाईत आम्ही माळ्यावर आणि धान्याच्या डब्यांमागे वड्या ठेवल्या होत्या. एक अर्धी झालेली सापडली. आम्ही वाटीभर दूध पाजलं, रात्रभर आलटून पालटून जागलो, आणि सकाळी तो अंगणात खारीमागे धावताना पाहून देवाला नमस्कार केला. चौथ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा तो फाटकापाशी आला नाही. कोपऱ्यात बसून होता, श्वास जलद चालला होता. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. दवाखान्यात पोचेपर्यंत माझ्या ओढणीवर त्याच्या नाकातून रक्त आलं होतं. डॉक्टरांनी एकच विचारलं, पहिल्या दिवशी का नाही आणलंत? त्या संध्याकाळी तो गेला. पहिल्या दिवशी नेलं असतं तर बहुधा एक उलटीचं इंजेक्शन आणि काही आठवड्यांच्या गोळ्या एवढ्यावर निभावलं असतं. म्हणून तुमचा प्रश्न दिसल्यावर हातातलं काम टाकून लिहायला बसले.

आता मिठाबद्दल. काकूंचा हेतू चांगला आहे, हा उपाय माझी आजीही सांगायची. पण एवढ्याशा जिवाला चमचा-दोन चमचे मीठ पाजलं आणि उलटी झाली नाही, तर रक्तातलं सोडियम इतकं वाढू शकतं की त्यानेच झटके येतात. मोहरीचं पाणी, घशात बोट घालणं, बळजबरीने तेल ओतणं हे सगळं त्याच जातीतलं. द्रव श्वासनलिकेत उतरला की विषाच्या जोडीला न्यूमोनिया. इंटरनेटवर हायड्रोजन पेरॉक्साइड पाजायला सांगतात, ते ३ टक्क्यांच्या द्रावणाबद्दल असतं, आणि तेही डॉक्टरांनी फोनवर प्रमाण सांगितलं तरच. आपल्या मेडिकलमधली बाटली पुष्कळदा ६ टक्क्यांची असते. तिने पिल्लाचं पोट आतून सोलवटून निघेल. डॉक्टरांकडे उलटी करवण्याचं इंजेक्शन असतं, आणि पहिल्या दोनेक तासांत ते दिलं तर बरंचसं विष बाहेर पडतं. म्हणूनच घाई. त्यानंतर ते औषधी कोळशाची पूड पाजतील. चुलीतला किंवा कणसं भाजायचा कोळसा हे काम करत नाही, त्यामुळे तो उगाळून देऊ नका.

‘दूध-तूप पाजलं की विष उतरतं’ हेही कोणीतरी सांगेलच. वेष्टनावर ब्रोमॅडिओलोन असेल तर दुधाने फायदा नाही, एवढंच. पण वेष्टनच सापडलं नाही, किंवा ती वडी नसून घरी कालवलेलं आमिष असेल, तर दूध-तूप घातक ठरू शकतं. खेड्यात, शेतावर झिंक फॉस्फाइडची काळी पूड धान्याच्या भरड्यात, गोडेतेलात कालवून ठेवतात. ४९ भाग भरड्याला एक भाग पूड, असं प्रमाण सर्रास सांगितलं जातं. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की तिच्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. खायला घातलं की पोट आणखी आम्ल सोडतं आणि वायू आणखी वाढतो. म्हणून या विषात पिल्लाला काहीही भरवायचं नाही. इथे चार दिवसांची सवलतही नाही, पाव तासापासून चारेक तासांत लक्षणं सुरू होतात. गाडीत पिल्लाने ओकारी काढली आणि लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास आला, तर सगळ्या काचा खाली करा. तो वायू तुमच्याही फुप्फुसात जातो. दवाखान्यात शिरताना हे आधी ओरडून सांगा, म्हणजे ते उलटी मोकळ्या हवेत करवतील.

तिसरा प्रकार म्हणजे नळीत मिळणारी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट. लोक ती पावावर, भजीवर लावून ठेवतात, आणि पिल्लाला तर तेच हवं असतं. ती खाल्ल्यावर उलट्या होतात, मग दिवस-दोन दिवस बरं वाटतं, आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागतं. स्निग्ध पदार्थांमुळे ती अंगात जास्त भिनते. तीन विषं, तिन्हींची चाल वेगळी. म्हणून तर वेष्टनासाठी कचरा उपसायला सांगितला.

दवाखाना उघडा मिळणं हीच रात्रीची खरी अडचण. तालुक्याचा जनावरांचा दवाखाना संध्याकाळी बंद होतो, पण पशुधन विकास अधिकाऱ्यांचा मोबाइल नंबर गावात कुणा ना कुणा गोठेवाल्याकडे असतोच. त्याला उठवा, गोठेवाले अशा वेळी रागावत नाहीत. मुंबईत असाल तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, १८८३ पासूनचं. रिक्षा-टॅक्सीवाल्याला ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हटलं की कळतं. महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटांचं लहान प्राण्यांचं रुग्णालयही सुरू झालंय. शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यांचे दवाखाने दिवसा उपयोगी पडतात. कुठेही निघायच्या आधी फोन करून रात्री डॉक्टर हजर आहेत का ते विचारा. बंद दारापाशी पोचून अर्धा तास घालवणं परवडणारं नाही.

ब्रोमॅडिओलोनच निघालं तर उतारा आहे आणि तो खात्रीचा आहे: व्हिटॅमिन के-१. ‘के-१’ हे शब्द लक्षात ठेवा, कारण दुकानात के-३ हातात ठेवलं जाऊ शकतं आणि या विषावर ते चालत नाही. लहान गावात के-१ मिळत नसेल तर प्रसूतिगृहाजवळच्या मेडिकलमध्ये विचारा. नवजात बाळांना जन्मतःच त्याचं इंजेक्शन देतात, त्यामुळे तिथे ते असतं. मात्र टोचायचं डॉक्टरांनीच. पुढे गोळ्या साधारण तीन ते चार आठवडे चालतात, आणि त्या थोड्या स्निग्ध खाण्याबरोबर दिल्या की नीट शोषल्या जातात. एक डोसही चुकवायचा नाही. आठवड्याभरात पिल्लू ठणठणीत दिसतं म्हणून लोक गोळ्या बंद करतात आणि मग दहाव्या-बाराव्या दिवशी रक्त येतं. शेवटच्या गोळीनंतर ४८ ते ७२ तासांनी रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची तपासणी करून घ्या. ती ठीक आली की उपचार संपले. तोवर जिन्यावरून उड्या नाहीत, दुसऱ्या कुत्र्यांशी झोंबाझोंबी नाही, लसीची तारीख आली असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

हे उत्तर उद्या दुसरं कुणी वाचेल आणि त्याच्या पिल्लाने वेगळंच काही गिळलं असेल, म्हणून थोडं आणखी. घड्याळाचा किंवा रिमोटचा चपटा सेल, फिनेल, ॲसिड, रॉकेल, सुई: यांत उलटी कधीच करवायची नाही, कारण वर येताना ते अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतं किंवा फाडतं, आणि रॉकेल तर फुप्फुसात शिरतं. सेल अन्ननलिकेत अडकला तर काही तासांत तिथे भोक पडू शकतं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, दुसरं टोक आतड्यात गुंतलेलं असतं. शुगर-फ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल अर्ध्या तासात रक्तातली साखर पाडू शकतं. पिल्लू लटपटायला लागलं तर वाटेत हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळा. मनुका-बेदाण्यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतात. त्यातलं टार्टरिक आम्ल याला कारण असावं असं आता मानतात, आणि तेच चिंचेतही भरपूर असतं. मला हे कळल्यापासून चिंचेचा गोळा ओट्यावर उघडा ठेवत नाही. माणसाची तापाची किंवा अंगदुखीची गोळी, कण्हेर, सोसायटीच्या बागेतला सायकस, डांबरगोळ्या यातलं काहीही पोटात गेलं असेल तरी लक्षणांची वाट न पाहता फोन.

आणि मे महिन्यातली आंब्याची कोय. ती विषारी नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण चोखून गुळगुळीत झालेली कोय बरोबर लहान आतड्यात जाऊन बसते. आमची चिंगी दोन दिवस पाणीसुद्धा ओकत होती, शी बंद, आणि पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरून उभी राहायची, नमस्कार घातल्यासारखी. ती पोटदुखीची खूण असते. बाळ्यामुळे आम्ही शहाणे झालो होतो, त्याच रात्री क्ष-किरण काढला, सकाळी शस्त्रक्रिया झाली. आता ती सात वर्षांची आहे. पावसाळ्यात मक्याच्या कणसाचा बुरकुंडा असाच अडकतो, आणि तो क्ष-किरणात नीट दिसत नाही, म्हणून खाल्ल्याचा संशय असेल तर डॉक्टरांना तोंडाने सांगायलाच हवं.

वाटेत दर दहा मिनिटांनी पिल्लाची हिरडी बोटाने दाबून सोडा. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत गुलाबी झाली पाहिजे. त्याहून उशीर लागला तर तसं दवाखान्यात सांगा. त्याला कपड्यात गुंडाळून उबेत ठेवा.

वेष्टनावर काय नाव निघालं ते आणि डॉक्टर काय म्हणाले ते इथे खाली कळवा. मी जागीच आहे.