वाचकांचे प्रश्न : तलावाकाठची वाट आणि गावाची संमती

प्रश्न : आमच्या गावाला लागून माजी मालगुजारी तलाव आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात, त्याच रस्त्याने धानाचे ट्रक जातात आणि बायकांनाही फिरायला दुसरी जागा नाही. तलावाजवळ फिरण्याची वाट आणि लहानसे उद्यान करावे, असा प्रस्ताव मी ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत मांडला. पण ‘आधी नाल्या, मग बगीचा’ असे म्हणून तो बाजूला ठेवण्यात आला. ढीवर बांधवांच्या मच्छीमार संस्थेला तर तलावावर जाणेच बंद होईल, अशी भीती वाटते. लोकांचा पाठिंबा कसा मिळवावा आणि पैसा कोठून आणावा?
— एक ग्रामपंचायत सदस्या, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : ताई, ‘आधी नाल्या’ म्हणणाऱ्यांना आपण विरोधक समजू नये. ज्याच्या दारात सांडपाणी साचते, त्याने आधी नाली मागावी हे रास्तच आहे. मात्र नाली आणि वाट यांचा पैसा बहुतांशी एकाच खिशातून येत नाही, हे त्यांना आकड्यांसह दाखवावे लागेल. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिली होती आणि सांडपाण्याची कामे त्यातच बसत होती. उरलेली ४० टक्के अबंधित रक्कम गावाने आपल्या गरजेनुसार वापरायची होती. आपल्या ग्रामपंचायतीत बंधित निधीतला किती पैसा नाल्यांवर खर्च झाला आणि किती पडून राहिला, याचा हिशेब ग्रामसेवकांकडून लेखी घ्यावा आणि तो चावडीवर लावावा. नालीचे काम खरोखरच रखडले असेल, तर तेही आपण मांडावे. नालीसाठी जो भांडतो, त्याच्या वाटेच्या मागणीवर लोक विश्वास ठेवतात.

पैशापेक्षाही जमिनीचा प्रश्न मोठा आहे. आपल्या भागातील १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात, त्यामुळे पाळीवर (तलावाच्या मातीच्या बांधावर) किंवा पाळीलगत काहीही करण्यापूर्वी तिच्या लघु पाटबंधारे विभागाची लेखी ना-हरकत घ्यावी लागेल. सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असेल, तर तिथेच थांबावे. अशा जमिनींना वनजमीनच मानावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला असून तेथे वनेतर कामासाठी केंद्र सरकारची परवानगी लागते. आणि कोणत्याही परिस्थितीत तलावाच्या पोटात भराव टाकून उद्यानासाठी जागा काढू नये. पंजाबातील एका गावच्या तळ्यात भराव टाकून झालेल्या अतिक्रमणाच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले होते. शिवाय धानाच्या शेवटच्या पाण्याला ज्या तलावाचा आधार असतो, त्याचा साठा घटवणाऱ्या कामाला शेतकरी पाठिंबा देतील, ही अपेक्षाच चुकीची ठरेल.

आता मच्छीमार बांधवांविषयी. त्यांची भीती निराधार नाही, कारण ‘सौंदर्यीकरण’ या नावाखाली तलावांना कुंपण पडल्याचे आणि फाटकाला कुलूप लागल्याचे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. म्हणून नकाशा काढण्याआधीच त्यांच्या संस्थेच्या लोकांबरोबर, गुराख्यांबरोबर आणि धुणे धुणाऱ्या बायकांबरोबर तलावाला एक फेरी मारावी. डोंगा कोठे लावतात, जाळी कोठे वाळवतात, गुरे कोणत्या उताराने पाण्यावर उतरतात, हे त्यांच्याकडूनच समजून घ्यावे आणि त्या जागा नकाशावर आधी लिहाव्यात. वाट त्यानंतर उरलेल्या जागेतून काढावी. कुंपण आणि तिकीट असणार नाही, ही अट ठरावातच नोंदवावी. पाठिंब्याची माझी व्याख्या एवढीच आहे की, आज त्या जागेवर ज्यांचे पोट आणि वहिवाट अवलंबून आहे, त्यांची सही सर्वांत आधी मिळाली पाहिजे.

ग्रामसभेविषयी एक आग्रह धरतो. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी आहे आणि ती न झाल्यास तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. तहकूब सभेत पंधरा-वीस लोकांच्या साक्षीने ठराव मंजूर करून घेण्याचा मोह होईल. कायद्याने तो चालेल, पण पहिला तंटा उभा राहताच त्या ठरावाच्या मागे कोणीही उभे राहणार नाही. ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेत हा विषय सविस्तर घ्यावा, कारण पहाटेच्या अंधारात ट्रकचा दिवा समोरून आला की रस्त्याच्या कडेच्या काट्यात कोणाला उतरावे लागते, हे तिथेच नीट सांगितले जाईल. भरतीच्या मुला-मुलींनाही बोलवावे. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्याची परीक्षा द्यावी लागते आणि त्यांना हवा आहे तो मोजून आखलेला, मऊ मुरमाचा सरळ पट्टा, कारंजे नव्हे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने ग्रामसभेपूर्वी अभ्यासगटात विषयाचा ऊहापोह करण्याची आणि निर्णय बहुमताऐवजी सर्वसहमतीने घेण्याची जी रीत रुजवली, ती आपल्याच शेजारची आहे आणि अशा कामाला ती फार उपयोगी पडेल.

बांधकाम साधे ठेवावे. गट्टू बसवलेली वाट उन्हाळ्यात तापते आणि उखडली की तशीच राहते, तर मुरमाची वाट गावातले हात दुरुस्त करू शकतात. मोठी झाडे मातीच्या पाळीवर लावू नयेत, कारण त्यांची मुळे पाळ पोखरतात. कडुनिंब, करंज, जांभूळ ही झाडे पाळीच्या बाहेरच्या सपाट जागेत लावावीत. आपला तालुका वाघ-बिबट्यांच्या वावराचा आहे, त्यामुळे काठावरची बेशरमीची आणि घाणेरीची दाटी वाटेलगत राहू देऊ नये, उजाडण्यापूर्वी वापर होणार असेल तर दिवे असावेत आणि जागा ठरवताना वनरक्षकाला सोबत घ्यावे. याबाबतीत काटकसर करू नये.

सर्वांत अधिक काळजी देखभालीची वाटते. उद्घाटनाचा पैसा मिळतो, पण तिसऱ्या उन्हाळ्यात झाडांना पाणी घालण्याचा पैसा मिळत नाही, म्हणून उद्याने मरतात. अमेरिकेतील सिएटल शहराने ठरावीक मुदतीच्या करांवर उद्याने चालवून पाहिल्यानंतर ऑगस्ट २०१४ मध्ये मतदारांपुढे कायमस्वरूपी ‘उद्यान जिल्ह्याचा’, म्हणजे उद्यानांसाठी स्वतंत्र कर लावू शकणाऱ्या संस्थेचा, प्रस्ताव ठेवला आणि आपल्याच मालमत्ता कराचा भार वाढणार हे ठाऊक असूनही मतदारांनी तो मंजूर केला. आपल्या गावाची घरपट्टी तुटपुंजी आहे हे मी जाणतो, तरीही पाच वर्षांच्या पाण्याचा, मुरमाचा आणि एका माणसाच्या मजुरीचा अंदाज मूळ ठरावातच असावा आणि ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात त्याचे वेगळे शीर्ष असावे. श्रमदानाची परंपरा आपल्याकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळांमुळे जिवंत आहे आणि लागवडीच्या दिवशी तिचा मोठा आधार होईल. परंतु रोजच्या पाण्याची जबाबदारी श्रमदानावर टाकणे मंडळांवरही अन्याय करणारे आहे.

प्रश्न : आमच्या लेआउटमधील मोकळी जागा उद्यानासाठी आहे असे प्लॉट घेताना सांगितले होते. आता तिथे गिट्टी-रेतीचे ढीग पडले आहेत. आम्ही वर्गणी काढून उद्यान करावे का?
— एक वाचक, नगरपंचायत क्षेत्र, जि. वर्धा

उत्तर : वर्गणीची घाई करू नये. नगरपंचायतीकडून मंजूर नकाशाची प्रत घेऊन ती जागा कोणत्या प्रयोजनासाठी आणि कोणाच्या नावे आहे, हे आधी पाहावे. उद्याने आणि क्रीडांगणे हा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतील विषय असल्याने ती नगरपंचायतीच्या कक्षेत येणारी सुविधा आहे. आपल्या मालमत्ता कराच्या बिलात वृक्ष उपकराची ओळ असेल, तर तो पैसा कोठे लावला, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. सर्व प्लॉटधारकांच्या सह्यांचे निवेदन मुख्याधिकाऱ्यांना द्यावे, त्यात गिट्टी हटवण्याची मुदत मागावी आणि अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना त्या जागेवर प्रत्यक्ष न्यावे.