नवा जन्म झाला, मग पाप का सुटत नाही?

या वेळचे प्रश्न खानापूर, चिकोडी, हुक्केरी, निपाणी आणि बेळगाव परिसरातून आले आहेत. वचनं पूर्ण छापलेली नाहीत, फक्त अध्याय आणि ओवी दिली आहे. पवित्र शास्त्र उघडून शेजारी ठेवावं आणि मग वाचावं.

प्रश्न : बाप्तिस्मा घेऊन दोन वर्षं झाली. सुरुवातीला मन अगदी हलकं होतं. आता पुन्हा रात्री मोबाईलवर नको ते बघणं सुरू झालंय. रविवारी उपासनेत हात वर करताना स्वतःचीच लाज वाटते. माझा नवा जन्म झालाच नव्हता का? — एक तरुण, खानापूर तालुका

उत्तर : ही लाज वाटते, त्या अर्थी तुमच्या आत काहीतरी जिवंत आहे. पापात निवांत झोप लागणाऱ्या माणसाला असं पत्र लिहावंसं वाटत नाही.

पापापासूनची सुटका एकदम सगळी हातात येत नाही. पापाची शिक्षा विश्वास ठेवला त्याच क्षणी संपते (रोम ८:१). पापाची सत्ताही तेव्हाच मोडते (रोम ६:१४), पण ती मोडली आहे असं धरून जगायला आयुष्यभर शिकावं लागतं. पापाचं अस्तित्वच उरणार नाही, ती वेळ शरीराच्या पुनरुत्थानाची (रोम ८:२३). दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीची गल्लत झाली की माणूस खचतो. ‘खऱ्या विश्वासणाऱ्याला मोह होतच नाही’ असं व्यासपीठावरून सांगणारे मंडळीचं (चर्चचं) फार नुकसान करतात. १ योहान ३:९ दाखवून कुणी तुम्हाला घाबरवलं, तर त्याच पत्रातलं १:८ ते २:२ आधी वाचा. ‘माझ्यात पाप नाही’ म्हणणारा स्वतःला फसवतो, हे योहान विश्वासणाऱ्यांनाच लिहितो आहे. ३:९ मध्ये तो पापातच मुक्काम ठोकून राहणाऱ्याबद्दल बोलतो.

आता रोम ६ हळूहळू वाचा. तिथे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तीन गोष्टी ठराविक क्रमाने सांगतो. सहाव्या ओवीत जाणणं : जुना मनुष्य, म्हणजे पापाच्या ताब्यातला पूर्वीचा मी, ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर गेला. अकराव्या ओवीत मानणं : मी पापाला मेलेला आणि देवासाठी जिवंत आहे, असं धरून चालणं. तेराव्या ओवीत सोपवणं : डोळे, हात, जीभ, एकेक अवयव देवाच्या हवाली करणं. बहुतेक जण थेट तिसऱ्यापासून सुरुवात करतात. ‘उद्यापासून बघणार नाही’ अशी शपथ घेतात, चार दिवस टिकतात आणि पडतात, कारण देवाचं लेकरू म्हणून आधीच मिळालेली जागा ते शपथ पाळून कमवायला निघालेले असतात. पौलाने इथे गुलामाचा दाखला दिला आहे (६:१६). मालक बदलला आहे. जुन्या मालकाची हाक अजून कानावर पडते, पण ओ देण्याचं बंधन उरलेलं नाही.

हे रात्री अकरा वाजता कसं चालतं, ते सांगतो. आधी आपण नेमके कधी पडतो ते शोधा. बहुतेकांची वेळ ठरलेली असते : अंथरुणात, एकटं असताना, दमलेलं असताना किंवा कुणाशी भांडण झाल्यावर. फोनचा चार्जर झोपायच्या खोलीतून काढून स्वयंपाकघरात किंवा बाहेरच्या सोप्यात लावा आणि गजरासाठी साधं घड्याळ घ्या. मंडळीतल्या एका विश्वासू पुरुषाला स्पष्ट सांगा आणि आठवड्यातून एकदा त्याने विचारायचं असं ठरवा (याकोब ५:१६). एकालाच सांगा, सगळ्या युवक संघाला नको. रिकामी झालेली वेळ तशीच रिकामी ठेवू नका. मत्तय १२:४३-४५ मध्ये घर झाडून स्वच्छ झालं, पण मोकळं राहिलं आणि आधीपेक्षा वाईट झालं. त्या वेळेला रोमकरांस पत्राचे सहा, सात, आठ हे अध्याय मोठ्याने वाचा.

पडलात तर तिथल्या तिथे कबूल करा, रविवारपर्यंत थांबू नका. १ योहान १:९ ला उशिराची अट नाही. आणि शिक्षा म्हणून उपास धरू नका. उपास प्रार्थनेसाठी असतो, पापाची किंमत भरण्यासाठी नाही. ती किंमत फेडून झाली आहे.

पवित्र आत्म्याचं टोचणं आणि दोष लावणाऱ्याचा, म्हणजे सैतानाचा, आवाज यांत फरक करायला शिका. आत्मा एका कृत्यावर बोट ठेवतो आणि ख्रिस्ताकडे वळवतो. दोष लावणारा म्हणतो, ‘तू सगळाच वाया गेलास, आता मंडळीत कशाला जातोस?’ प्रभूला नाकारणारा पेत्र आणि त्याला धरून देणारा यहूदा दोघेही एकाच रात्री पडले. पेत्र रडला आणि परत आला (२ करिंथ ७:१०).

एक गोष्ट मात्र सरळ सांगतो. पापाचं दुःखच नसेल, सोडायची इच्छाही नसेल आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर सगळा भरवसा असेल, तर प्रेषितांची कृत्ये ८ मधला शिमोन वाचावा. त्याने विश्वास ठेवला, बाप्तिस्मा घेतला, तरी पेत्राने त्याला सांगितलं की तुझं अंतःकरण देवासमोर सरळ नाही.

प्रश्न : विश्वासात आल्यावर मी मोठं पाप केलं. पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा का? — चिकोडी

उत्तर : नको. बाप्तिस्मा एकच (इफिस ४:५). लेकराने चूक केली तर त्याचा पुन्हा जन्म करावा लागत नाही, बापाशी बिघडलेलं नातं नीट करावं लागतं. बथशेबेच्या प्रकरणानंतर, म्हणजे दुसऱ्याच्या बायकोशी व्यभिचार केल्यावर, दावीद राजाने जे केलं ते स्तोत्र ५१ मध्ये आहे : आडपडदा न ठेवता कबुली, आणि तारणाचा हर्ष परत मिळावा म्हणून विनंती. पाळकांना (पास्टरांना) भेटा. ते काही काळ प्रभुभोजनापासून थांबायला सांगतील, तर ते तुम्हाला उभं करण्यासाठी आहे, हाकलण्यासाठी नाही.

प्रश्न : माझे यजमान रोज प्यायचे. प्रार्थनासभेत त्यांनी दारू सोडल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घाम, उलट्या. काही जण म्हणाले दुष्टात्मा आहे, गोळ्या घेतल्या तर विश्वास कमी पडला असं होईल. काय करावं? — एक भगिनी, हुक्केरी

उत्तर : ताई, डॉक्टरकडे न्या. हे पत्र आमच्या हाती पोचेपर्यंत ती वेळ निघून गेली असेल, पण असं घर एकच नसतं, म्हणून सविस्तर लिहितो.

रोज भरपूर पिणाऱ्या शरीराला दारूची सवय लागलेली असते. ती एकदम बंद झाली की सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ आणि बेचैनी सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सर्वांत जास्त असतो. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो : भिंतीवर किडे दिसतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही, ताप चढतो. त्यातून जीव जाऊ शकतो. भ्रमात बडबडणाऱ्या माणसाला दुष्टात्मा लागला असं समजून उपाशी ठेवलं, धरून बसवलं, तर मोलाचे तास वाया जातात. डॉक्टर काही दिवस कमी-कमी होत जाणारी औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देतात. पूर्वी कधी फिट आली असेल तर घरी सोडवण्याचा प्रयत्नच करू नये, दवाखान्यात दाखल करावं. व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाईन आहे.

निरोग्यांना वैद्याची गरज नसते, दुखणाइतांना असते, हे प्रभूचे शब्द आहेत (मत्तय ९:१२). लूक स्वतः वैद्य होता (कलस्सै ४:१४). यजमानांची सुटका खरी आहे. त्यांचं शरीर त्या निर्णयामागून येतं आहे. गोळ्यांनी पहिला आठवडा निभावतो. पुढचे महिने संगतीवर अवलंबून असतात : संध्याकाळी सात वाजता कोण सोबत बसणार, पगार कुणाच्या हातात येणार, कोणत्या लग्नाच्या वरातीला जायचं नाही, हे मंडळीने त्यांच्याबरोबर बसून ठरवावं. आणि पडले तरी सभेत उभं करून त्यांच्याकडून पुन्हा साक्ष वदवून घेऊ नये.

प्रश्न : मी घरी विड्या वळते. प्रभूला मानल्यापासून वाटतं, माझ्या हातून लोकांना रोग जातोय. पण दुसरं काम नाही, दोन मुली शिकतात. मी पापात जगतेय का? — निपाणी

उत्तर : तुमचं मन जागं आहे, ही कृपा आहे. पण हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर घर चालवणारी बाई, ठेकेदार आणि कारखान्याचा मालक यांचा वाटा सारखा नाही. हाताने कष्ट करण्याबद्दल शास्त्र मानाने बोलतं (इफिस ४:२८). तंबाखूने होणारं नुकसानही खोटं नाही. पानं कापताना, जर्दा भरताना तुमच्याच छातीत ती धूळ जाते.

पौलाने गुलामांना लिहिलेलं १ करिंथ ७:२१ तुमच्यासाठीच असल्यासारखं आहे : बोलावलं तेव्हा गुलाम होतास तरी चिंता करू नको, पण मोकळं होता येत असेल तर ती संधी घे. म्हणून ‘मी पापी धंद्यातली’ असं स्वतःचं नाव ठेवू नका. तुमचं नाव देवाची लेक (योहान १:१२). त्या नावाने बाहेर पडायची वाट शोधा, आणि विड्या वळायचं सूप एका दिवसात फेकून देऊ नका. विडी कामगाराचं ओळखपत्र काढलं नसेल तर आधी काढा, त्यावर मुलींना शिष्यवृत्ती मिळते. पी.एफ. जमा होतो का ते पासबुकावर तपासा, काम सोडल्यावर तेच पैसे हाताशी येतील. शिवण, भाकरीचा डबा, शेळी, जे जमेल ते आठवड्यातून दोन दिवस सुरू करा. तिथून नियमित पैसे यायला लागले की विड्या कमी करा. मुलींना मात्र आजपासून सुपाजवळ बसवू नका.

याला मंडळीच्या भगिनी संघाने हातभार लावला पाहिजे. प्रवचनात तंबाखूला नावं ठेवायची आणि विडी वळणारीला दुसरं काम शोधायला मदत करायची नाही, हे बरोबर नाही.

प्रश्न : गावात म्हणतात, ‘ख्रिस्ती झाला म्हणजे तुम्ही मराठी राहिला नाही.’ मंडळीत कानडी बोलणारेही आहेत, तिथेही कधी कधी परकं वाटतं. आमची ओळख नक्की कोणती? — येळ्ळूर

उत्तर : बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले, इथल्याच मिशन शाळेत शिकले आणि १८५४ साली इथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे तीनच वर्षांत, १८५७ साली, त्यांनी मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या कादंबऱ्यांपैकी एक लिहिली. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांनी नाव बदललं नाही आणि ख्रिस्ताला अभंगांतून गायलं. तेव्हा गावात कुणी विचारलं तर शांतपणे सांगावं की इथली ख्रिस्ती माणसं मराठी साहित्याच्या पायाभरणीत आहेत.

नवी ओळख जुनी भाषा पुसत नाही. प्रकटीकरण ७:९ मध्ये सिंहासनासमोर उभे असलेले लोक वेगवेगळ्या भाषांचे म्हणूनच दिसतात. बदलतं ते हे, की भाषा, जात, सीमेची बाजू यांवरून माणसाची किंमत ठरत नाही (गलती ३:२८). हे कानडी भावांबाबतही खरं आहे. ज्या मंडळीत दोन्ही भाषा आहेत तिथे वचन दोन्हींत वाचावं, गीतं आळीपाळीने घ्यावीत, आणि पंचकमिटीत एकाच भाषेची माणसं नसावीत. लहान गोष्टी आहेत, पण परकेपणा नेमका तिथूनच शिरतो.

याच्याशी जोडलेला, लोक दबक्या आवाजात विचारतात तो प्रश्नही घेतो : कागदावर काय लिहायचं? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना आहे. ख्रिस्ती झालेल्याला तो मिळत नाही. अनुसूचित जमातीला धर्माची अशी अट नाही. हा नियम अन्यायाचा आहे असं अनेकांना वाटतं, आम्हालाही वाटतं, आणि तो बदलावा म्हणून मागणी करणं योग्य आहे. पण बाप्तिस्मा घेऊन प्रतिज्ञापत्रावर उलट लिहिणं म्हणजे खोटं बोलणं (इफिस ४:२५), आणि ते उघड झालं तर नोकरीही जाते. बाप्तिस्म्याआधीच पाळकांनी ही किंमत कुटुंबाला समजावून सांगावी. नंतर कळलं तर माणूस फसवल्यासारखा होतो.

प्रश्न : माझं किराणा दुकान आहे. पूर्वी काट्यात मारायचो. पापक्षमा झाली, मग पैसे परत करायची गरज आहे का? — शहापूर, बेळगाव

उत्तर : क्षमा मिळवण्यासाठी नाही, क्षमा मिळाली म्हणून आहे. जक्कया या जकातदाराच्या घरी प्रभू आधी गेला, हिशेब नंतर झाला : अर्धी मालमत्ता गरिबांना, फसवलेल्यांना चौपट (लूक १९:८). नियमशास्त्रात मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा असं प्रमाण आहे (लेवीय ६:५). शंभर रुपये मारले असतील तर एकशे वीस. त्या प्रमाणाने सुरुवात करा.

पहिल्यांदा काटा दुरुस्त करा, वजनमापे खात्याचा शिक्का ताजा करून घ्या. नंतर आठवतात तेवढ्या गिऱ्हाइकांची यादी काढा. उधारीची वही असेल तर अंदाज बांधता येतो. ज्यांचं नुकसान मोठं झालं, त्यांच्याकडे स्वतः जा, कारणं न सांगता चूक बोला, पैसे द्या. एकदम जमत नसेल तर हप्ते ठरवा आणि लिहून द्या. माणूस वारला असेल तर वारसाला द्या. वारसही सापडत नसेल तर ती रक्कम देवाच्या कामाला, असं गणना ५:८ सांगतं. आमचा सल्ला, ती गरिबांसाठी खर्च व्हावी आणि पावती मंडळीच्या नावाने असावी. शेकडो अनोळखी गिऱ्हाइकांचा हिशेब लागणार नाही. त्यासाठी ठराविक मुदतीपर्यंत थोड्या जास्त मापाने माल द्यावा.

कुणी चिडेल, कुणी चार लोकांत बोलेल. उलट उत्तर देऊ नका. बायकोशी आधी बोला, कारण घरखर्चाला चिमटा तिलाही बसणार आहे, आणि ही यादी तिच्यापासून लपवून फेडू लागलात तर जुन्याच सवयीने नवं काम सुरू केल्यासारखं होईल.