हँडीकॅम २८ हजारांचा, ७२ हजारांचा की १ लाख ६५ हजारांचा?

प्रश्न (मानेवाडा, नागपूर): मुलगी भरतनाट्यम शिकते, जानेवारीत गॅदरिंग आहे. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) २८ हजार, ७२ हजार आणि १ लाख ६५ हजारांचे हँडीकॅम पाहिले. हाती पगार ४८ हजार, घरखर्च ३१ हजार, एसआयपी ५ हजार. एफडी दीड लाखाची, दिवाळी बोनस २० हजार. साळेबुवा म्हणतात, मोठाच घ्या, लग्नाच्या ऑर्डरी मिळतील. काय करू?

उत्तर: आधी साळेबुवांचं बघू. लग्नाचं शूटिंग करणारे आता बहुतेक मिररलेस (लेन्स बदलता येणारे) कॅमेरे आणि ड्रोन घेऊन येतात. ऑर्डरींच्या भरवशावर एफडी मोडू नका. तो तुमचा जेमतेम पाच महिन्यांचा घरखर्च आहे.

२८ हजारांच्या हँडीकॅमला झूम भरपूर असतो, अंबाझरी तलावावरच्या उन्हात चित्रही झकास येतं. पण सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, इवलासा. सभागृहातले दिवे मालवून मुलीवर एकच निळा झोत पडला, की चेहऱ्यावर दाणे दिसायला लागतात. भरतनाट्यमचा अर्धा अभिनय डोळ्यांत, आणि तेच दिसणार नसतील तर हा सौदा मला महागच वाटतो.

माझा कौल ७२ हजारांच्या फोर-के (फुल एचडीच्या चौपट तपशील टिपणाऱ्या) हँडीकॅमला, पण रोखीने. हप्ते नकोत. ‘नो कॉस्ट’ ईएमआयमध्ये व्याजाएवढी सूट दाखवतात, तरी त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी बहुधा लागतेच. शिवाय रोखीत दुकानदार जे दोन-चार हजार सोडतो, तेही गेले.

तुमचे महिन्याला १२ हजार उरतात. ऑगस्ट ते डिसेंबर ६० हजार, त्यात बोनस धरला की ८०. वरचे आठ हजार लागणारच आहेत: दुसरी बॅटरी, ट्रायपॉड, वेगवान मेमरी कार्ड. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) फोर-के शूटिंग केलं तर तासाला ४५ जीबी जातात, म्हणजे १२८ जीबीचं कार्ड तीन तासही पुरत नाही. मग हार्ड डिस्क आलीच. दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही. डिस्कचे पैसे जानेवारीच्या पगारातून काढा.

खरेदीआधी एखाद्या कार्यक्रमाला असाच हँडीकॅम एक दिवस भाड्याने मिळतो का बघा. शेवटच्या रांगेतून त्यावर आणि फोनवर एकच नाच घ्या, घरच्या टीव्हीवर लावा. फरक जाणवला नाही, तर फोनच राहू द्या आणि एसआयपी वाढवा.