अ‍ॅव्हरेज घटलाय? आधी मागचं चाक फिरवून बघा

पेट्रोल महागलं की आमच्याकडे एकाच सुराची पत्रं येतात : कामावर जायला शंभर-सव्वाशे सीसीची गाडी आहे, अ‍ॅव्हरेज पडलाय, काय बसवून घेऊ? काहीही बसवून घेण्याआधी ही उत्तरं वाचा.

प्रश्न : सकाळी लवकर भरलं तर पेट्रोल जास्त मिळतं का?

नाही. पंपाची टाकी जमिनीखाली असते. तिथलं तापमान सकाळ-दुपार फारसं बदलत नाही.

प्रश्न : पेट्रोलच्या नळीवर बसवायचं चुंबक घ्यावं का? ओळखीच्यांना फरक पडला म्हणतात.

घेऊ नका. अशा चुंबकाने पेट्रोलच्या ज्वलनात काही बदलत नाही. बसवणारा जाता जाता प्लग साफ करतो, टायरमध्ये हवा भरतो, चेनला तेल देतो. फरक पडलाच तर तो त्याचा. ते काम चुंबकाशिवाय करून घ्या.

प्रश्न : रिझर्व्हला लागल्यापासून पुन्हा रिझर्व्हला लागेपर्यंत मोजतो. बरोबर आहे ना?

नाही. गाडी जरा कलली तरी रिझर्व्ह आधी-नंतर लागतो. मेन स्टँडवर टाकी ठरावीक खुणेपर्यंत भरा, किमान दोनशे किलोमीटर चालवा, पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरा. किलोमीटरला दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरांनी भागा.

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी चेन ताणून घेतली, तेव्हापासून अ‍ॅव्हरेज कमी झालाय. मागचं चाक गरम लागतं. इंजिनचं काम निघालंय असं एकाने सांगितलं.

इंजिन उघडू देऊ नका. आणि चाक गरम लागत असताना तीन महिने थांबायला नको होतं. लक्षणं ब्रेक धरून राहिल्याची आहेत. चेन ताणताना चाक मागे सरकतं. पायाचा ब्रेक रॉडचा असेल तर तो रॉड आपोआप ओढला जातो आणि ड्रममधले लायनर कायम घासत राहतात. चेन सैल करण्या-ताणण्याइतकाच ब्रेकचा नटही त्या कामाचा भाग आहे, पण घाईत तोच राहून जातो. मग इंजिन दिवसभर ब्रेकशी झुंजतं आणि गिऱ्हाईक कार्ब्युरेटर साफ करत बसतं.

गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये घ्या आणि चाक हाताने फिरवा. दोन-तीन फेरे सहज व्हायला हवेत. लगेच थांबलं किंवा खसखस आवाज आला तर रॉडच्या टोकाचा नट अर्धा-अर्धा फेरा सैल करा. ब्रेक लागू लागण्याआधी पेडल साधारण २० ते ३० मिमी मोकळं दबलं पाहिजे. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत बघा. याहून सैल ठेवून पेट्रोल वाचवायला जाऊ नका.

मग चेन बघा. खालच्या पट्ट्याच्या मध्यावर बहुतेक छोट्या गाड्यांना २५ मिमीच्या आसपास झोल लागतो. चाक फिरवत चार ठिकाणी मोजा आणि सर्वांत ताठ जागा धरा. चाकाच्या दांड्याजवळच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या नसतील तर चाक तिरकं बसून चेन आणि टायर दोन्ही झिजतात. नट सैल करूनही चाक अडत असेल तर ब्रेकचा कॅम (लायनर पसरवणारा तुकडा) कोरडा पडला असेल किंवा स्प्रिंग मऊ झाली असेल. तेव्हा ड्रम मेकॅनिककडूनच उघडून घ्या. ग्रीसचा एक थेंब लायनरला लागला तरी ब्रेक जातो.

प्रश्न : कार्ब्युरेटरमध्ये बारीक जेट (पेट्रोल सोडणारं छोटं भोक) टाकून घेऊ का?

नको. मिश्रणात पेट्रोल कमी पडलं की इंजिन तापतं, पिकअप जातो, पिस्टनलाही इजा होऊ शकते. इंजेक्शनच्या गाडीत तर असा जेट नसतोच. जाणकाराला दाखवल्याशिवाय मिश्रणाचा स्क्रूसुद्धा फिरवू नका.

प्रश्न : हवा किती ठेवावी?

गाडीवरच्या स्टिकरवर असते तेवढी. टायर थंड असताना, आठवड्यातून एकदा. मागे कुणी बसणार असेल तर मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो.

प्रश्न : उतारावर इंजिन बंद करतो, पेट्रोल वाचतं ना?

बंद करू नका. इंजिनाची ओढ गेली की सगळा भार ब्रेकवर पडतो. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून थ्रॉटल पूर्ण सोडलं की पेट्रोल बहुधा आपोआप तुटतं.

प्रश्न : घरात कारचं इंजिन ऑइल शिल्लक आहे. चालेल का?

चालणार नाही. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, आणि कारच्या अनेक तेलांतली घर्षण कमी करणारी द्रव्यं तो घसरवतात. आवाज वाढतो, गाडी तेवढी पळत नाही. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (तेलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण) आणि पुस्तिकेतली ग्रेड बघून घ्या. आधीच ओतलं असेल तर लगेच बदला. त्यानंतरही क्लच घसरत असेल तर लिव्हरचं मोकळेपण आणि क्लच प्लेटा मेकॅनिककडून तपासून घ्या.