अनोळखी आधुनिक संगीताला ड्रम कोअरचे प्रेक्षक खरोखर दाद देतात का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : ओहायोतल्या शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये मेलोफोन हे पितळी फुंकवाद्य वाजवणाऱ्या मुलीबरोबर आपण ड्रम कोअरच्या, म्हणजे मैदानावर संचलन करत वाजवणाऱ्या पथकांच्या, चित्रफिती पाहता, त्यांत बार्टोक, बार्बर, फिलिप ग्लास अशी विसाव्या शतकातल्या संगीतकारांची नावे येतात, ओळखीची एकही धून कानावर पडत नाही, आणि तरीही हजारो लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. तेव्हा ही दाद संगीताला असते की मैदानावरच्या कवायतीला, आणि तिथला सामान्य प्रेक्षक अशा संगीताविषयी मोकळ्या मनाचा असतो का?

मी इंडियानात राहतो आणि ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होणाऱ्या अंतिम फेऱ्यांना आवर्जून जातो. माझे मत असे आहे की हा प्रेक्षक अनोळखी संगीताला नाकारत नाही. ज्या रचनेत दाद द्यायला जागाच ठेवलेली नसते, तिला तो नाकारतो. या दोन गोष्टींची गल्लत होते, आणि मग 'लोकांना फक्त ओळखीची गाणी हवी असतात' असा निष्कर्ष काढला जातो, जो मला अजिबात पटत नाही.

ज्या वाचकांनी हा प्रकार पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी दोन वाक्ये. साधारण बाविशीपर्यंतची दीडशेच्या आसपास मुले-मुली ब्रास म्हणजे पितळी फुंकवाद्ये, ड्रम, मैदानाच्या पुढच्या कडेला मांडलेली मारिंबा-व्हायब्राफोनसारखी वाद्ये आणि झेंडे, रायफली, तलवारी फेकणारा कलर गार्ड अशा सरंजामानिशी फुटबॉलच्या मैदानावर अकरा-बारा मिनिटांचा एक प्रयोग सादर करतात. त्याचा उगम माजी सैनिकांच्या संघटनांनी पोसलेल्या संचलन पथकांत आहे, त्यामुळे जुन्या प्रेक्षकाचा कान देशभक्तिपर गीते आणि संचलनाच्या धुनांवर तयार झालेला होता. ड्रम कोअर इंटरनॅशनल ही संस्था 1971 मध्ये स्थापन झाली, पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा 1972 मध्ये विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे भरली, आणि तेव्हापासून कार्यक्रमाची निवड हळूहळू पथकांच्या स्वतःच्या हातात आली.

येथे वाद्यांचा मुद्दा ध्यानात घ्यायला हवा, कारण प्रेक्षकांच्या अभिरुचीविषयी बोलताना तो नेहमी सुटून जातो. सुरुवातीच्या बिगुलांवर सगळे स्वर सहजपणे निघतच नसत. दोन व्हॉल्व्हच्या (स्वर बदलणाऱ्या कळांच्या) बिगुलांना 1977 मध्ये परवानगी मिळाली, तीन व्हॉल्व्हच्या बिगुलांना 1990 मध्ये, आणि कोणत्याही पट्टीतील ब्रास वाद्यांना 2000 मध्ये. म्हणजे ज्या संगीतात बाराही स्वर सतत फिरते असतात, ते खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत सफाईने वाजवणे 1990 पूर्वी फार अवघड होते. प्रेक्षकांनी आधुनिक संगीत नाकारले असे म्हणण्याआधी, ते त्यांच्यापुढे नीट वाजू केव्हा लागले हे पाहिले पाहिजे. ते वाजू लागल्यावर तीनच वर्षांत या क्षेत्रातला सर्वांत मोठा वाद झाला.

तो वाद 1993 चा. इंडियानातील ब्लूमिंग्टनचे 'स्टार ऑफ इंडियाना' हे पथक त्या वर्षी सॅम्युएल बार्बरचे 'मेडिआ' आणि बेला बार्टोकचे 'म्युझिक फॉर स्ट्रिंग्ज, पर्कशन अँड चेलेस्टा' घेऊन उतरले. बार्बरने आपले संगीत मार्था ग्रॅहमच्या नृत्यनाट्यासाठी 1946 मध्ये लिहिले होते. बार्टोकची रचना 1936 ची, आणि तिच्यात तंतुवाद्यांचे दोन गट रंगमंचाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसवण्याची सूचना स्वतः संगीतकारानेच दिलेली आहे. ही मांडणी मैदानाला किती अनुकूल आहे, हे आपल्या लगेच लक्षात येईल. स्टारने ती कडक भौमितिक आकृत्यांत आणि वादकांच्या शारीरिक हालचालींत बांधली. स्वर तुटक होते, मध्येच शांतता होती, ताण वाढत जाई आणि मोकळा होता होता पुन्हा आवळला जाई. त्या उन्हाळ्यात काही ठिकाणी प्रेक्षकांनी या पथकाची हुर्यो उडवली. मिसिसिपीतील जॅक्सन येथे झालेल्या अंतिम फेरीत स्टारला 97.3 गुण मिळाले आणि 97.4 गुणांनी 'कॅडेट्स ऑफ बर्गन काउंटी' हे न्यू जर्सीचे पथक विजयी झाले.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात आणि 'पाहा, लोकांना आधुनिक संगीत झेपले नाही' असे म्हणतात. पण विजेत्या कॅडेट्सनी काय वाजवले होते? डेव्हिड होल्सिंगर या समकालीन अमेरिकी संगीतकाराची 1986 मधील, बायबलमधल्या एका वाक्यावरून नाव घेतलेली 'इन द स्प्रिंग, अ‍ॅट द टाइम व्हेन किंग्ज गो ऑफ टू वॉर' ही रचना. ती काही रस्त्यावरच्या माणसाला गुणगुणता येणारी नव्हती. तिची तालमात्रा सतत बदलते, ती आघातांनी भरलेली आहे, आणि बार्टोकपेक्षा ती पन्नास वर्षांनी नवी आहे. तरीही लोकांनी ती डोक्यावर घेतली. एकाच रात्री, एकाच प्रेक्षकापुढे, दोन अनोळखी आधुनिक रचना. एकीने लोकांना उठवले, दुसरीने अनेकांना अवघडून टाकले. तेव्हा फरक अनोळखीपणाचा नव्हता, हे उघड आहे.

फरक माझ्या मते असा होता. होल्सिंगरची रचना कितीही गुंतागुंतीची असली तरी ती धावते, साठवते आणि सोडते. धाव जिथे संपते तिथे सगळ्या ब्रासचा एकत्र स्वर येतो, त्याच क्षणी मैदानावरची आकृती उघडते, आणि प्रेक्षकाला आता टाळी वाजवायची हे कोणी सांगावे लागत नाही. आपल्याकडे जयपूर-अत्रौली घराण्याचे गवई एखादा अनवट राग मांडतात तेव्हा श्रोत्यांपैकी अनेकांना रागाचे नावही ठाऊक नसते, पण तबला चालू असतो, सम कुठे येणार हे कानाला कळते, आणि समेवर मान आपोआप डोलते. तसेच हे आहे. स्टारच्या त्या शोने ही सम मुद्दाम लपवली. कलेच्या दृष्टीने ते धाडस मला फार मोलाचे वाटते, आणि आज जाणकार लोक तो शो या क्षेत्रातील सर्वांत प्रभावी प्रयोगांत गणतात ते योग्यच आहे. पण त्या रात्री पहिल्यांदाच ऐकणाऱ्या माणसाला आपली दाद ठेवायला जागा सापडली नाही, हेही खरे आहे. शिवाय एका श्रीमंत उद्योजकाच्या पैशावर उभे राहिलेले पथक म्हणून स्टारविषयी आधीपासूनच काहींच्या मनात अढी होती, आणि हुर्योमागे संगीताइतकीच तीही होती, हे विसरून चालणार नाही.

त्याच पथकाने पुढे स्पर्धा सोडली आणि नाट्यगृहाची वाट धरली. त्यातून निघालेला 'ब्लास्ट!' हा प्रयोग 1999 मध्ये लंडनला आणि 2001 मध्ये ब्रॉडवेवर आला आणि त्याला विशेष नाट्यप्रयोगाचा टोनी पुरस्कार मिळाला. 'मेडिआ'चे संगीत त्यातही होते. तेच स्वर, तेच घराणे. पण लोक स्पर्धेचा निकाल मनात धरून बसलेले नव्हते, आणि आधी-नंतर हलक्याफुलक्या रचना होत्या. तिथे हुर्यो झाली नाही.

आता मैदानावरच्या अलीकडच्या उदाहरणांकडे येतो. कॅरोलायना क्राउनने 2013 मध्ये 'ई=एमसी२' या शोमध्ये फिलिप ग्लासच्या 'आइन्स्टाइन ऑन द बीच' या 1976 मधील ऑपेरातले संगीत घेतले आणि आपले पहिले अजिंक्यपद मिळवले. ग्लासच्या त्या संगीतात धून म्हणावी असे फारसे काही नाही. लहान लहान स्वरसमूह अतिवेगाने पुन्हा पुन्हा फिरत राहतात. पण ते फिरणे पळत्या मुलांच्या तोंडून, एकसंध आणि स्वच्छ ऐकू येऊ लागले की प्रेक्षकाला त्यातला थरार समजावून सांगावा लागत नाही. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील ब्लू डेव्हिल्स स्ट्राव्हिन्स्कीच्या 'राइट ऑफ स्प्रिंग'वर आधारलेला शो घेऊन आले होते आणि दुसरे आले. 1913 मध्ये पॅरिसमध्ये ज्या संगीतावरून नाट्यगृहात गोंधळ उडाला, ते शंभर वर्षांनी अमेरिकी फुटबॉलच्या मैदानावर पोचले आणि कोणाला त्याचा धक्का बसला नाही.

त्याहूनही बोलके उदाहरण 2014 चे. ओहायोतल्या कँटनच्या ब्लूकोट्सने 'टिल्ट' नावाचा शो केला. त्यात एका ठिकाणी सगळ्या पथकाचा एकत्रित स्वर, इलेक्ट्रॉनिक वाद्यांसह, जागेवरून घसरतो. जणू सगळे स्टेडियमच एका बाजूला कलते आहे असे वाटते. हे कोणत्याही गाण्याचे कडवे नव्हते, ती केवळ ध्वनीची एक घटना होती, नव्या संगीताच्या मैफलीत शोभेल अशी. पण लोक त्या घसरणीची वाट पाहू लागले. तो क्षण येण्याआधीच स्टेडियममध्ये कुजबुज सुरू होई, आणि आला की गर्जना उठे. या पथकाला त्या वर्षी दुसरा क्रमांक मिळाला, पण त्या उन्हाळ्याची आठवण बहुतेकांना त्या एका स्वरानेच आहे. इलेक्ट्रॉनिक वाद्यांना परवानगीच 2009 मध्ये मिळाली होती, म्हणजे पाचच वर्षांत प्रेक्षकाचा कान तिथवर पोचला.

हा कान तयार होण्यामागे एक साधे कारण आहे, आणि ते आपल्या घरातच आहे. स्टेडियममधले असंख्य प्रेक्षक स्वतः शाळा-कॉलेजच्या बँडमध्ये वाजवणारे असतात. होल्सिंगर, टिचेली अशा संगीतकारांच्या रचना त्यांनी वर्गात महिनोन्‌महिने घासलेल्या असतात. बाहेरच्या माणसाला जे अनोळखी, ते त्यांना गृहपाठ. माझ्या पुढच्या रांगेत एकदा सोळा-सतरा वर्षांची दोन मुले बसली होती. सात मात्रांचा एक तुकडा सुरू झाला तशी दोघांची बोटे गुडघ्यावर दोन-दोन-तीन अशी बरोबर पडू लागली. त्यांच्या शेजारी जुन्या पथकाचे जाकीट घातलेले एक आजोबा हाताची घडी घालून गप्प बसले होते. ब्रासने पाठ फिरवून वाजवलेला तुकडा संपला, सगळे एकदम प्रेक्षकांकडे वळले आणि स्वराची भिंत अंगावर आली, तेव्हा तेही उठले. दाद दोन्हीकडून आली, पण वेगवेगळ्या वाटांनी. आपल्या प्रश्नातल्या 'संगीताला की कवायतीला' या भेदाचे उत्तर मला तिथेच मिळाले : या कलेत ते दोन वेगळे काढता येत नाहीत. अनोळखी संगीताला मैदानावरची हालचाल वाट दाखवते, आणि डोळ्यांना जे कळले त्याच्या आधाराने कान पुढे जातो.

परीक्षकांविषयीही एक गोष्ट नोंदवतो. शंभर गुणांपैकी चाळीस गुण एकंदर परिणामाला असतात, तीस संगीताला आणि तीस दृश्याला. पण परीक्षक तोच शो हंगामात पुन्हा ऐकू शकतात. तिकीट काढून आलेले कुटुंब एकदाच ऐकते. त्यामुळे कधी कधी गुणपत्रिका आणि टाळ्या यांचे जमत नाही. यात प्रेक्षकाला मागासलेला ठरवणे मला अन्यायाचे वाटते. हल्लीच्या शोंबाबत मी जी नाराजी ऐकतो, ती कर्कश स्वरांविषयी क्वचितच असते. एकेका शोमध्ये इतके तुकडे जोडलेले असतात की कोणताच तुकडा मनात ठरत नाही, ही ती नाराजी असते, आणि ती मला रास्त वाटते. बार्टोकचा एक भाग तीन मिनिटे सलग ऐकवला तर लोक ऐकतील. चाळीस सेकंदांत चार संगीतकार ऐकवले तर ओळखीचे असूनही ते हातून निसटतात.

आपल्याला खात्री करून घ्यायची असेल तर मुलीबरोबर आधी 1993 चा कॅडेट्सचा शो पाहावा, मग 2014 चा 'टिल्ट', आणि त्यानंतर स्टारचा 'मेडिआ' दोनदा : पहिल्यांदा चित्रासह, दुसऱ्यांदा डोळे मिटून. दुसऱ्या वेळी कोणता स्वर आधी ओळखीचा वाटला, हे मुलीला विचारा. मेलोफोन वाजवणारी मुलगी तो आपल्याआधी सांगेल, असा माझा अंदाज आहे.